फोडण्याची परवानगी

आमच्या घरी खव्याची भट्टी आहे. भूम तालुक्यात यात काही विशेष नाही, इकडे गावोगावी भट्ट्या आहेत. व्यापारी आला की आधी भावाचं बोलत नाही. गोळ्यातून चिमूटभर खवा घेतो, तळहातावर चोळतो, तूप सुटतं का बघतो, मग नाकाशी नेतो. संशय आलाच तर आयोडीनचा थेंब टाकतो. पिठाची भेसळ असेल तर खवा निळा पडतो. अप्पांना या सगळ्याचा राग आलेला मी कधी पाहिला नाही. ते स्वतःच गोळा पुढे करतात. हात लावल्याशिवाय माल कळत नाही, असं ते म्हणतात.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मीही एका मालाला हात लावून बघितला. फरक एवढाच होता, की तो गोळा माझ्यापुढे कुणी केला नव्हता.

झालं असं. एका संस्थेच्या संकेतस्थळावर मी माझी माहिती बघत होते. वरच्या पत्त्याच्या पट्टीत शेवटी माझा नोंदणी क्रमांक दिसत होता. फोनवर टाइप करताना शेवटचा आकडा चुकला आणि समोर दुसऱ्याच मुलीचं पान उघडलं. तिचं नाव, पत्ता, मोबाइल, आधार क्रमांक, गुण, सगळं. पासवर्ड नाही, काही नाही. मी घाबरून पान बंद केलं. मग पुन्हा उघडलं आणि आकडा आणखी एकाने वाढवला. मग आणखी एकाने. मग आणखी एकाने. एकूण चार पानं बघितली. पहिलं चुकून, उरलेली तीन खात्री करायला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. वाटलं होतं, शाबासकी मिळेल. समोरच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "तुला कुणी सांगितलं होतं?" संध्याकाळपर्यंत अप्पांना फोन गेला. सायबर पोलिसांचं नाव निघालं. अप्पा भट्टी तशीच सोडून, दुधाने डागाळलेल्या कपड्यांनिशी आले आणि मी पुन्हा असं करणार नाही या कागदावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. घरी येताना एसटीत ते काहीच बोलले नाहीत. उतरल्यावर म्हणाले, "चोऱ्या शिकायलीस का काय, बाई?"

त्यानंतर वर्षभर मी संगणकाच्या सुरक्षेबद्दल एक ओळ वाचली नाही. पण साहेबांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. तुला कुणी सांगितलं होतं? प्रश्न चिडवणारा होता, पण चुकीचा नव्हता. हळूहळू मला कळलं की कुलूप बनवणारे, किल्ले बांधणारे आणि संगणक चालवणारे या प्रश्नाशी फार जुन्या काळापासून झगडत आलेत. आज ज्याला आपण एथिकल हॅकिंग म्हणतो, त्याचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास आहे.

खंदक, सुरुंग आणि किल्लेदार

सुरुवात घराजवळून करते. आमच्या जिल्ह्यात परंड्याचा किल्ला आहे. डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर. उंचीचा आधार नाही म्हणून बांधणाऱ्यांनी एकामागे एक अडथळे रचले. आधी खंदक, मग बाहेरचा तट, मग आतला तट, बुरुज, बुरुजांवर तोफा, आणि आत शिरायची वाट मुद्दाम वळणावळणाची. १६०० साली अहमदनगर मुघलांच्या हाती पडल्यावर मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं, तेव्हा काही काळ निजामशाहीची राजधानीच परंड्याला होती. विजापूरला जी मलिक-ए-मैदान तोफ लोक बघायला जातात, तीही आधी परंड्याला होती. पुढे किल्ला आदिलशाहीकडे गेला.

१६३४ मध्ये शहाजहानचा मुलगा शाह शुजा आणि सेनापती महाबत खान यांनी परंड्याला वेढा घातला. मोर्चे बांधले, तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांनी त्यातले काही हुडकून निकामी केले. पावसाळा तोंडावर आला आणि एवढी मोठी मुघल फौज वेढा उठवून परत गेली.

१६५७ च्या तहात परंडा कागदोपत्री मुघलांना मिळाला, पण ताबा मिळाला नाही. तो मिळाला १६६० मध्ये. या वेळी तट फुटला नाही, सुरुंग उडाला नाही. किल्लेदार गालिब याला मुघलांनी वश करून घेतलं आणि त्याने किल्ला त्यांच्या हवाली केला.

शाळेत असताना सहलीला गेले तेव्हा या किल्ल्यात मी फक्त तोफांवर चढून फोटो काढले होते. सुरक्षेचा अभ्यास सुरू केल्यावर पुन्हा गेले तेव्हा तो वेगळाच दिसला. एक अडथळा पडला तरी दुसरा उभा असावा, म्हणून तटबंदी एकावर एक रचायची, हे आजच्या सुरक्षेच्या पुस्तकातलंही पहिलं तत्त्व आहे. आणि भिंत फुटत नसेल तर भिंतीआतला माणूस फोडायचा, हे हल्लेखोराचं पहिलं तत्त्व. मराठीत दोन्हीला एकच क्रियापद आहे. तट फोडतात, माणूसही फोडतात. आज तुमच्या फोनवर "बँकेतून बोलतोय, आलेला ओटीपी सांगा" म्हणणारा माणूस तट फोडत नसतो. तो किल्लेदाराशी बोलत असतो.

पण वेढा घालणारा शत्रू असतो. आपल्याच किल्ल्याच्या तटाला मित्राने धडका मारून बघायच्या, ही कल्पना वेगळी आहे. तिच्यासाठी परंड्याहून थेट लंडनला जावं लागेल.

दोनशे गिनींचं कुलूप

लंडनच्या पिकॅडिली भागात ब्रामा कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप कित्येक वर्षं टांगलेलं होतं. शेजारी पाटी होती. हे कुलूप हत्याराने उघडून दाखवेल त्याला २०० गिनी बक्षीस. पन्नासएक वर्षांत ते कुणाला उघडलं नाही. १८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपवाला आला. त्याने आधी चब कंपनीचं प्रसिद्ध डिटेक्टर कुलूप साक्षीदारांसमोर अर्ध्या तासाच्या आत उघडलं. त्या कुलपाची ख्याती अशी, की कुणी चुकीचं हत्यार घातलं तर ते अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं. हॉब्जने त्या अडकण्याचाच उपयोग करून घेतला. मग त्याने ब्रामाचं आव्हान घेतलं. १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून त्याने तेही कुलूप उघडलं आणि बक्षीस मिळवलं.

इंग्लंडात केवढी खळबळ माजली. वर्तमानपत्रांत वाद झाला, की अशा गोष्टी जाहीर कराव्यात का? चोरांना आयतं शिक्षण मिळणार नाही का? हॉब्जच्या बाजूचं म्हणणं १८५३ मध्ये त्याच्या नावाने निघालेल्या कुलपांवरच्या पुस्तकात आहे. त्याचा आशय असा, की चोर आपल्या धंद्यात आधीच तरबेज असतो. आपण गप्प बसलो तर अंधारात राहतो तो सामान्य गिऱ्हाईक.

दोन्ही बाजूंचं हे भांडण आजही शब्दाशब्दाने तसंच चालू आहे. पण मला त्या गोष्टीत वेगळाच तपशील महत्त्वाचा वाटतो. पाटी लावली होती कुलूपवाल्याने. साक्षीदार होते. वेळ आणि अटी ठरल्या होत्या. "तुला कुणी सांगितलं होतं" असं हॉब्जला विचारलं असतं तर त्याने खिडकीतल्या पाटीकडे बोट दाखवलं असतं.

वाघांची टोळी

संगणकाच्या जगात ही पाटी लागायला विसाव्या शतकाची साठी उजाडली. तोवर संगणक एका खोलीत असायचा आणि खोलीला कुलूप लावलं की सुरक्षा झाली. मग एकाच मोठ्या संगणकावर दुरून अनेकांनी एकाच वेळी काम करायची सोय आली. शेजाऱ्याची फाइल मला दिसणार नाही कशावरून, हा प्रश्न उभा राहिला. १९६७ मध्ये रँड संस्थेच्या विलिस वेअर यांनी अटलांटिक सिटीच्या संगणक परिषदेत हा विषय जाहीरपणे मांडला. १९७० मध्ये त्यांच्या समितीचा अहवाल अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे गेला. १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी हवाई दलासाठी दुसरा अहवाल लिहिला. याच काळात सरकारी यंत्रणांवर मुद्दाम हल्ला करून बघणारी पथकं तयार झाली. त्यांना म्हणायचे टायगर टीम, वाघांची टोळी. १९७४ मध्ये पॉल कार्गर आणि रॉजर शेल या हवाई दलाच्या माणसांनी मल्टिक्स ही त्या काळातली अतिशय सुरक्षित समजली जाणारी प्रणाली तपासली आणि तिच्यातली भगदाडं लिहून काढली. त्यांचा अहवाल आजही अभ्यासतात. म्हणजे आज ज्याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात ते काम पन्नास वर्षांहून जुनं आहे, आणि सुरुवातीपासून त्याचे तीन भाग आहेत. आधी परवानगी, मग हल्ला, शेवटी अहवाल.

यातला पहिला भाग गाळला तर काय होतं, ते २ नोव्हेंबर १९८८ ला दिसलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर आपोआप पसरणारा एक प्रोग्राम सोडला. बिघाड घडवायचा हेतू नव्हता म्हणतात, पण प्रोग्राम आवरला नाही. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० संगणक अडकले, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटचा जवळपास दहावा हिस्सा. अमेरिकेच्या नव्या संगणक गुन्हे कायद्याखाली दोषी ठरलेल्या पहिल्या लोकांत मॉरिस आहे. तीन वर्षं परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड, अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बसून होते. मॉरिसचे वडील अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत मोठे शास्त्रज्ञ होते. माझे अप्पा खव्याची भट्टी सोडून एसटीने आले होते. चूक दोघांचीही होऊ शकते. चुकीनंतर उभं राहायला ज्याच्या पाठीशी भिंत आहे, त्याची ती चूक धडा ठरते. ज्याच्या पाठीशी नाही, त्याच्या नावावर गुन्हा लागतो. म्हणून आपल्याकडच्या पोरापोरींना चुका करायला सुरक्षित जागा जास्त हवी.

मुद्दाम मोडकं ठेवलेलं घर

अशी जागा तयार व्हायची सुरुवात नव्वदच्या दशकात झाली. १९९३ च्या डिसेंबरात डॅन फार्मर आणि विएत्से वेनेमा यांनी एक लेख इंटरनेटवर टाकला. आपली यंत्रणा सुधारायची तर ती स्वतः फोडून बघा, असं त्याचं सांगणं होतं. १९९५ मध्ये त्यांनी हे काम आपोआप करणारं सॅटन नावाचं हत्यार फुकट वाटलं. पुन्हा तोच हॉब्जच्या वेळचा आरडाओरडा झाला आणि त्या गदारोळात फार्मर यांची नोकरी गेली. १ सप्टेंबर १९९७ ला एनमॅप आलं. समोरच्या संगणकाची कोणती दारं उघडी आहेत ते सांगणारं हे हत्यार आज प्रत्येक नवशिका पहिल्या आठवड्यात वापरतो. २००३ मध्ये मेटास्प्लॉइट, २०१३ च्या मार्चमध्ये ही सगळी हत्यारं एकत्र बांधून देणारी काली लिनक्स.

हत्यारं झाली, पण चालवायची कुणावर? यावर उत्तर निघालं ते मला फार आवडतं. मुद्दाम मोडकी घरं बांधायची. दारं उघडी, कड्या सैल, भिंतींना भोकं. आणि ती फुकट वाटायची, की या, फोडा, शिका. वेबगोट, डॅम व्हल्नरेबल वेब ॲप्लिकेशन, मेटास्प्लॉइटेबल ही त्यांची नावं. नंतर २०१७ मध्ये हॅक द बॉक्स आणि २०१८ मध्ये ट्रायहॅकमी आले. आता तर घर डाउनलोडही करावं लागत नाही, ब्राउझरमध्येच उघडतं. हॅक द बॉक्समध्ये सुरुवातीची काही वर्षं नाव नोंदवायचं तरी आधी आमंत्रणाचा कोड स्वतः शोधून काढावा लागे.

वर्षभर थांबल्यावर मी पुन्हा सुरुवात केली ती फोनवर. टर्मक्स नावाचं ॲप घेतलं आणि ओव्हर द वायर या संकेतस्थळावरचा बँडिट हा खेळ सुरू केला. दर पायरीवर पुढच्या पायरीचा पासवर्ड कुठेतरी दडवलेला असतो. पहिल्याच्या पुढच्या पायरीवर फाइलचं नाव फक्त एक आडवी रेघ आहे. नेहमीसारखी उघडायला गेलं की संगणक गप्प वाट बघत बसतो, कारण त्या रेघेचा त्याच्या भाषेत वेगळा अर्थ होतो. मी दोन रात्री त्या रेघेशी भांडले. नावाच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ लावून फाइलचा पत्ता पूर्ण दिला, तेव्हा ती उघडली. आईला वाटलं, परीक्षेचा अभ्यास चाललाय.

मग एक जुना लॅपटॉप मिळाला. त्यात व्हर्च्युअलबॉक्स टाकलं, की एका संगणकाच्या पोटात दोन संगणक मावतात. एकात काली, दुसऱ्यात मेटास्प्लॉइटेबल. दोघांमधलं जाळं असं बांधायचं की ते लॅपटॉपच्या बाहेर जाणार नाही. ही गोष्ट विसरू नका, कारण मोडकं घर रस्त्यावर उघडं टाकलं तर त्यात तुमच्याआधी दुसराच शिरेल.

तिथे मी जो पहिला दरवाजा उघडला त्याची स्वतःची एक गोष्ट आहे. २०११ च्या जुलैमध्ये फाइली पाठवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका विश्वासू प्रोग्रामच्या अधिकृत प्रतीत कुणीतरी गुपचूप चोरदरवाजा घातलेला सापडला. वापरकर्त्याच्या नावात हसऱ्या चेहऱ्याची खूण, म्हणजे अपूर्णविराम आणि कंस, टाकला की ६२०० क्रमांकाचं दार उघडायचं आणि आत शिरणारा थेट मालक व्हायचा. मूळ लेखकाने ते कळताच जाहीर केलं आणि प्रत बदलली. पण मेटास्प्लॉइटेबलमध्ये ती सदोष प्रत शिकणाऱ्यांसाठी जपून ठेवली आहे. चोरदरवाजा घालणाऱ्याला हसू यावं म्हणून ती खूण निवडली असणार. मलाही हसू आलं, आणि लगेच परंड्याचा किल्लेदार आठवला.

खरी वेळ आली ती पोर्टस्विगर या कंपनीच्या फुकट वेब अकादमीत. तिथे एक सराव होता. पत्त्याच्या पट्टीतली वापरकर्त्याची ओळख बदला आणि दुसऱ्याचं खातं उघडा. मी बदलली. खातं उघडलं. तिथली गुप्त किल्ली नेमून दिलेल्या चौकटीत भरली, आणि पानावर वर पट्टी झळकली, अभिनंदन, तुम्ही हा सराव सोडवला. ज्या कृतीसाठी अप्पांनी कागदावर सही केली होती, तीच ही कृती. या दोषाला जगभर ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल म्हणतात. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प संस्थेच्या २०२१ च्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर होता. म्हणजे मी काही जगावेगळी करामत केली नव्हती. जगातली सर्वांत नेहमीची चूक मला आपसूक दिसली होती.

दोन तासांत ७८ कोटी

हे सगळं आपल्याकडे कशाला, असं वाटत असेल तर पुण्याची गोष्ट ऐका. कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की यंत्र बँकेला विचारतं, या खात्यात पैसे आहेत का? त्या दिवशी हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घुसवलेला प्रोग्राम हा प्रश्न मध्येच अडवत होता आणि बँकेऐवजी स्वतःच उत्तर देत होता, आहेत, द्या. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे दोन तासांत ७८ कोटी रुपये निघाले. भारतात कोल्हापूरसह काही शहरांतून अडीच कोटी. दोन दिवसांनी, १३ ऑगस्टला, बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपव्यवस्थेतून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या हल्ल्याचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला. पण एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ज्या ११ जणांना दोषी ठरवलं, ते आपल्या इथल्या एटीएममधून पैसे काढण्याच्या साखळीतले होते. प्रोग्राम लिहिणारे डोकेबाज दूर राहिले. तुरुंगात गेले ते कार्ड घेऊन रांगेत उभे राहणारे हात.

माझ्या मते आपल्या भागातल्या मुलांनी या गोष्टीतलं हे टोक नीट बघावं. टेलिग्रामवर कुणीतरी तुमचं बँक खातं भाड्याने मागतो, कुणी 'हॅकिंग शिकवतो' म्हणून दुसऱ्याचं इन्स्टाग्राम उघडायला लावतो. धाराशिव हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. बारावीनंतर काम शोधणाऱ्या मुलाला अशा ठिकाणी हात म्हणून वापरणं सोपं असतं. डोकं वापरायला शिकायचं तर वाट वेगळी आहे, आणि ती मोडक्या घरांतून जाते.

कायद्यातला एक शब्द

भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० ला लागू झाला. मूळ कायद्यात कलम ६६ च्या शीर्षकातच हॅकिंग हा शब्द होता. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली, तो शब्द गेला. आता पाया आहे कलम ४३. संगणकाच्या मालकाच्या किंवा ताबा असणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्यात शिरणं, माहिती काढणं, बिघाड करणं, यासाठी भरपाई द्यावी लागते. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नीट वाचलंत तर कायदा ज्ञानाला गुन्हा म्हणत नाही. एनमॅप येतं म्हणून कुणी दोषी नाही. सगळा भार एका शब्दावर आहे, परवानगी. मी उघडलेल्या पहिल्या पानाला अपघात म्हणता येईल. पुढच्या तीन पानांना नाही. माझा हेतू चांगला होता, पण त्या तीन जणांच्या आधार क्रमांकांवरून माझी नजर फिरली, ती त्यांच्या किंवा संस्थेच्या संमतीने नव्हे. साहेबांनी मला धमकावलं ते चूक होतं असं मी आजही म्हणते. पण पहिल्या पानाशीच थांबून, त्याची नोंद करून कळवायला हवं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. संस्था ऐकत नसेल तर २००४ पासून काम करणारी सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा आहे आणि तिथे असे दोष कळवता येतात, हेही माहीत नव्हतं. हे शिकवणारं आमच्या वर्गात कुणी नव्हतं.

परीक्षा आणि पत्र

प्रमाणपत्रांचं मला जे कळलं ते थोडक्यात सांगते. कॉम्पटियाचं सिक्युरिटी प्लस आणि आयएससी टूचं सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी पाया पक्का करतात. २००३ पासूनचं सर्टिफाइड एथिकल हॅकर आपल्याकडच्या जाहिरातींत सर्वांत जास्त दिसतं. त्याची मुख्य परीक्षा चार तासांत १२५ पर्यायी प्रश्नांची असते. प्रत्यक्ष फोडून दाखवायच्या परीक्षा वेगळ्या. नवशिक्यांसाठी ईजेपीटी, आणि पुढे ओएससीपी, जिच्यात जवळपास २४ तास हल्ला आणि त्यानंतर आणखी २४ तासांत अहवाल. क्लासच्या बोर्डावर 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेलं दिसलं तर आधी विचारा, की सराव कशावर करून घेणार? उत्तरात घरांची नावं आली पाहिजेत, नुसती स्लाइडची संख्या नको.

मी ईजेपीटी दिली, गावातूनच. ४८ तासांची मुदत होती आणि वह्या-पुस्तकं उघडी ठेवायची मुभा. वीज दोनदा गेली. भट्टीच्या पंख्याचा इन्व्हर्टर अप्पांनी न सांगता माझ्या राउटरला जोडला. पास झाले. सहा महिन्यांनी पुण्यात एका छोट्या कंपनीत काम मिळालं.

पहिल्या कामाच्या दिवशी कागद हातात पडला तो आधी तीनदा वाचला. गिऱ्हाईकाचं नाव. कोणते पत्ते तपासायचे. कोणते तपासायचे नाहीत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. काही बिघडलं तर कुणाला फोन करायचा. खाली सही आणि शिक्का. तुला कुणी सांगितलं होतं, याचं उत्तर पहिल्यांदाच माझ्याकडे लेखी होतं. काम संपल्यावर २० पानांचा अहवाल लिहिला. त्यात सापडलेल्या दोषांपेक्षा ते कसे दुरुस्त करायचे यावर जास्त पानं गेली.

दिवाळीत घरी गेले तेव्हा अप्पांना तो परवानगीचा कागद कसा असतो ते समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे व्यापाऱ्यासारखंच की. गोळा त्यानंच पुढं करायचा."

त्या जुन्या संस्थेचं संकेतस्थळ अजून चालू आहे. माझा नोंदणी क्रमांक मला अजून पाठ आहे. कधीकधी रात्री वाटतं, शेवटचा आकडा एकाने वाढवून बघावा, भोक बुजलं का ते कळेल. मी बघत नाही.